कढीपत्त्यावरची अळी मुलांनी घरात वाढवावी की झाडावरच राहू द्यावी?

सायली_कोथरूड

आमच्या गॅलरीतील कुंडीत कढीपत्त्याचे झाड आहे. या पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या, चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या चार-पाच अळ्या आढळल्या. माझी सात वर्षांची मुलगी आणि शेजारचा तिचा मित्र शाळेतून आल्यावर दप्तरही न काढता आधी त्यांच्याकडे धाव घेतात, आणि आता त्या बरणीत ठेवून त्यांचे फुलपाखरू होईपर्यंत सांभाळायचे असे दोघांनी ठरवले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की झाड लहान आहे, एवढ्या अळ्या राहिल्या तर फोडणीला पान उरणार नाही. शिवाय कठड्यावर बुलबुल येऊन बसतात, त्यामुळे एखादी अळी दिसेनाशी झाली की मुले हिरमुसतात.

माझा प्रश्न असा आहे की अळी घरात आणून वाढवणे तिच्या दृष्टीने योग्य ठरते का, आणि मुलांनी यातून नेमके काय पाहावे? आणायची असल्यास काय काळजी घ्यावी हे अनुभवी सभासदांनी सविस्तर सांगितले तर बरे होईल.

रानपाखरू_ठाणे

कढीपत्त्यावरील तुमच्या अळ्या बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखरांच्या असाव्यात. लिंबू, संत्रे, बेल आणि कढीपत्ता ही सारी एकाच कुळातील झाडे असून मादी त्यांच्याच पानांवर अंडी घालते. पानावर उतरल्यावर ती पुढच्या पायांनी पान थोपटते, तेव्हा त्या पायांवरील संवेदनांनी तिला पानाची चव कळते. झाड योग्य आहे याची अशी खात्री करून घेतल्यावरच ती कोवळ्या पालवीवर एकेक पिवळसर, गोल अंडे चिकटवते. मुलांना पुढच्या वेळी अळीऐवजी हे अंडे शोधायला सांगा. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेले ते अंडे एकदा नजरेत बसले की मग सहज दिसू लागते.

अळी चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या अवस्थेत एकदम हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून लालसर-नारिंगी, दोन टोकांचे शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुलांना ते एकदा दिसले की पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते, पण मुद्दाम डिवचू नये हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

घरात आणायचीच असेल तर सगळ्या न आणता एक किंवा दोनच आणा. अळीला बोटांनी उचलू नका, ती ज्या पानावर आहे त्या पानासह डहाळी कापा. कात टाकण्याच्या तयारीत असलेली अळी बराच वेळ एका जागी स्थिर बसते आणि तिचे पाय तिनेच विणलेल्या रेशमी थरात रुतलेले असतात, त्यामुळे तेव्हा ओढून काढल्यास तिला इजा होते. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवून बाटलीचे तोंड कापसाने पक्के बंद करावे, अन्यथा अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. घट्ट झाकणाच्या बरणीपेक्षा जाळीचे कापड बांधलेला मोठा डबा चांगला. तळाशी कागद अंथरून तो रोज बदलावा, कारण साचलेल्या विष्ठेत पावसाळ्याच्या दमट हवेमुळे बुरशी लवकर धरते. डबा उन्हात अजिबात ठेवू नये.

मृण्मयी

पाने विकत आणून घालू नयेत, एवढे आवर्जून सांगते. बाजारातील कढीपत्त्यावर कीटकनाशकाचा अंश असू शकतो आणि तो साध्या धुण्याने पूर्णपणे जाईलच असे नाही. संध्याकाळी डास घालवण्यासाठी लावायचे लिक्विडचे यंत्र किंवा कॉइलही त्या खोलीत नको. त्यातील औषधे कीटकांसाठीच बनवलेली असतात आणि अळी हाही कीटकच आहे. आमच्या इमारतीतील एका घरी चांगल्या वाढलेल्या अळ्या एका रात्रीत मेल्या आणि मुलांना कारण कोणीच सांगू शकले नाही, म्हणून हे लिहिले.

सह्यवाटा

वरील सूचना काळजीपूर्वक दिलेल्या आहेत, तरीही माझे मत अळी घरात न आणण्याकडेच आहे. अळी डब्यात ठेवली की मुलांना तिच्या आयुष्याचा एक लहानसा तुकडाच दिसतो. बाहेर तिच्या पानावर मुंग्या फिरतात, कोळी टपून असतो, गांधीलमाशी तिला शोधत येते, बुलबुल पिल्लांसाठी तिला उचलून नेतो. फुलपाखराची मादी एवढी अंडी घालते ती यातील बहुतेक फुलपाखरू होण्याआधीच जाणार असतात म्हणूनच. बुलबुलाच्या घरट्यातील पिल्लेही त्याच पावसाळ्यावर वाढत असतात. अळीला वाचवायचे आणि बुलबुलाला हाकलायचे असा निवाडा आपण सात वर्षांच्या मुलीच्या मनात रुजवत असू, तर ते निसर्गशिक्षण नाही.

सायलीताई, मुलीसाठी गॅलरीत एक स्टूल ठेवा आणि तिला रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पाच मिनिटे तेथे बसू द्या. अळी किती आणि कशी खाते, पानाच्या कडेपासून सुरुवात करते की मधून, पाऊस आल्यावर कोठे जाते, हे डब्यात दिसणार नाही.

बाई_कुडाळ

सह्यवाटा, तुमच्या मुद्द्याचा मी आदर करते, पण माझा अनुभव वेगळा आहे. मी सिंधुदुर्गातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. अळी झाडावरच राहू दिली तर ती बऱ्याचदा नेमकी कोष करण्याच्या वेळी नाहीशी होते. पूर्ण वाढ झाल्यावर ती खाणे थांबवते, पोट रिकामे करते आणि कोषासाठी जागा शोधत झाडापासून बरीच दूर भटकते. तो कोष नंतर कुंपणाच्या काठीवर, भिंतीच्या कोपऱ्यात किंवा पालापाचोळ्याच्या आड असतो आणि मोठ्यांनाही सापडत नाही. अळी दिसली आणि एक दिवस गायब झाली, एवढ्यावरच मुलांची गोष्ट संपते. ज्या बदलासाठी हे सारे पाहायचे, तोच पाहायला मिळत नाही.

आम्ही वर्गात मधला मार्ग काढला आहे. मच्छरदाणीच्या कापडाची लांबट पिशवी शिवून ती झाडावरील फांदीलाच चढवायची आणि देठाकडे सुतळीने सैल बांधायची. अळीला ताजे पान, वारा, दिवस-रात्र आणि पाऊस हे सगळे मिळते, पक्ष्यांपासून बचाव होतो आणि ती भटकूनही पिशवीतच राहते. पाने संपत आली की पिशवी दुसऱ्या फांदीवर सरकवायची. आमच्या शाळेमागे माकडलिंबूची झुडपे आहेत. २०१५ मध्ये राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्या त्यांवर मिळतात. ते मोठे काळे-निळे फुलपाखरू आपल्या शाळेमागच्या झुडपात तयार होते हे कळल्यावर मुलांनी ती झुडपे तोडू दिली नाहीत. शाळेच्या आवारातील साफसफाईच्या वेळी त्यांनी मोठ्या माणसांना अडवले, याचे मला फार समाधान आहे.

निरीक्षणासाठी वही मात्र हवी. रोज अळीची लांबी मोजपट्टी शेजारी धरून लिहायची आणि चित्र काढायचे. फोटो काढला की मूल पाहणे थांबवते, चित्र काढायला बसले की पायांच्या जोड्या मोजते. पुढचे तीन जोड खरे पाय आणि मागचे मांसल पाय वेगळे, हे माझ्या विद्यार्थ्यांनी चित्र काढतानाच ओळखले.

संत्रा_मोर्शी

आमच्याकडे हीच अळी कीड म्हणून ओळखली जाते, हेही येथे नोंदवले जावे. माझी लिंबूवर्गीय कलमांची रोपवाटिका आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून आम्ही कलमे करतो. कोवळ्या नवतीवर या अळ्या पडल्या तर लहान रोपाचा नुसता शेंडा उरतो. मोठ्या झाडाला त्यांच्यापासून फारसा धोका नसतो, पण रोपवाटिकेत त्या वेचून काढाव्याच लागतात. माझा मुलगा चौथीत आहे. शाळेच्या पुस्तकात फुलपाखराचे जीवनचक्र रंगवतो आणि घरी आल्यावर मला अळ्या वेचताना पाहतो. त्याने मला विचारले की तुम्ही फुलपाखरे मारता का. मी त्याला हो असेच सांगितले, कारण ते खरे आहे, आणि रोपे कशासाठी लावतो हेही समजावले. शहरातील पालकांनीही मुलांना ही बाजू सांगावी अशी माझी विनंती आहे.

रानपाखरू_ठाणे

संत्रा_मोर्शी, तुम्ही मुलाला दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. सायलीताईंच्या सासूबाईंची चिंताही त्याच जातीची आहे आणि तीही रास्त आहे. लहान कुंडीतील झाड सगळ्या अळ्या पोसू शकत नाही. अशा वेळी जास्तीच्या अळ्या पानासकट आसपासच्या मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर नेऊन ठेवाव्यात. एका झाडावर वाढलेली अळी कधी कधी दुसऱ्या जातीचे पान नाकारते, म्हणून शक्यतो कढीपत्त्यावरची अळी कढीपत्त्यावरच न्यावी.

गार्गीची_आई

माझ्या मुलीने एक कोष सांभाळला होता. फुलपाखराऐवजी एके दिवशी कोषाला बारीक गोल छिद्र पडलेले दिसले आणि डब्यात चिलटांएवढ्या अनेक माशा आढळल्या. ती फार रडली आणि तेव्हापासून कोणत्याही अळीकडे पाहत नाही. हे कशामुळे होते आणि तिला काय सांगावे?

रानपाखरू_ठाणे

त्या माश्या नसून परजीवी गांधीलमाश्यांच्या अगदी लहान जाती असतात. त्यांतील काही अळीच्या शरीरात अंडी घालतात, तर काही जाती नुकत्याच तयार झालेल्या, अजून मऊ असलेल्या कोषात. त्यांची पिल्ले आत वाढून कोष फोडून बाहेर येतात. बाहेर वाढलेली अळी घरात आणल्यावरही असे घडते, कारण ती तुमच्या हाती येण्याआधीच कोणीतरी तिच्यात अंडी घातलेली असतात. यात मुलीकडून काहीही चुकलेले नाही, हे तिला आधी ठामपणे सांगा.

त्यानंतर दुसरी गोष्ट सांगता येईल. याच गटातील ट्रायकोग्रामा नावाच्या सूक्ष्म गांधीलमाश्या ऊस आणि कापूस पिकांवरील किडींची अंडी नष्ट करतात, म्हणून प्रयोगशाळांत वाढवून त्यांची अंडी चिकटवलेली कार्डे शेतकऱ्यांना दिली जातात. संत्रा_मोर्शी यांच्या बागेतही असे अनेक जीव अळ्या आटोक्यात ठेवण्याचे काम करत असतील. तिला शक्य असेल तर एक भिंग द्या आणि ती छिद्रे पाहू द्या. सह्यवाटा ज्याविषयी लिहीत होते ते बाहेरचे जग तिच्या डब्यात आपणहून आले होते.

सह्यवाटा

हा खुलासा मला पटला. फांदीला पिशवी बांधण्याचा बाईंचा उपायही मी मान्य करतो, कारण त्यात अळी आपल्या झाडावर राहते. पुन्हा पुन्हा हाताळण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

निनाद_नाशिक

माझ्या मुलाने विचारलेला प्रश्न येथे मांडतो. फुलपाखराला आपण अळी असतानाचे काही आठवते का? मी उत्तर देऊ शकलो नाही.

मृण्मयी

यावर खरोखरच प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास देतानाच सौम्य विजेचा झटका दिला. त्या अळ्या तो वास टाळू लागल्या. पुढे कोषातून पतंग बाहेर आल्यावर, शेवटच्या अवस्थेत शिकवलेल्या अळ्यांपासून झालेले बरेचसे पतंगही तो वास टाळताना दिसले. लहान वयात शिकवलेल्यांत मात्र तशी आठवण टिकलेली आढळली नाही.

कोषात अळीचा पूर्ण रस होतो आणि त्यातून फुलपाखरू नव्याने तयार होते, असे मुलांना सांगितले जाते, तेही अर्धेच खरे आहे. पुष्कळ ऊती विरघळतात, पण सारे काही नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पेंटेड लेडी जातीच्या जिवंत कोषांचे सूक्ष्म सीटी स्कॅन दिवसागणिक घेतले, तेव्हा श्वासनलिकांचे जाळे फार लवकर स्पष्ट झालेले दिसले. पंखांचे मूळ तर कोषापूर्वी अळीच्या शरीरातच चकत्यांच्या रूपात तयार असते. तुमच्या मुलाला सांगा की त्याच्यासमोर पान खाणाऱ्या अळीच्या अंगात पंखांची सुरुवात झालेली आहे.

पेडणेकर_मडगाव

कढीपत्त्याबरोबर कण्हेर आणि रुईही मुलांना दाखवावी. आमच्या अंगणातील कण्हेरीवर कॉमन क्रो जातीची अळी असते. तिच्या अंगावर काळ्या लवचीक शिंगांच्या जोड्या असतात आणि तिचा कोष आरशासारखा चकचकीत रुपेरी असतो. तो पाहिल्यावर कोणी दागिना टांगला आहे असे मुलांना वाटते. रुईवर प्लेन टायगर मिळेल. मारुतीच्या देवळाजवळ रुई हमखास असते, तेथे पानांची खालची बाजू पाहावी. चिकाच्या झाडांवर वाढणाऱ्या या गटातील अळ्या खाण्यापूर्वी बऱ्याचदा पानाची शीर कुरतडतात, त्यामुळे पुढच्या भागात चीक येणे थांबते आणि मग त्या निवांत खातात. मुलांना थांबून पाहायला लावावी अशी ही कृती आहे.

कोषातील फरकही पाहण्याजोगा आहे. या जातींचा कोष शेपटीकडून उलटा लटकतो. कढीपत्त्यावरच्या अळीचा कोष मात्र डोके वर करून, पाठीमागून घेतलेल्या एका रेशमी धाग्याच्या आधाराने, माडावर चढलेला पाडेली दोराला रेलून उभा राहतो तसा राहतो.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते आणि कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. ही पाने मोठ्यांनीच तोडावीत आणि मुलांनी हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना किंवा तोंडाला लावू नयेत. केसाळ सुरवंट आणि काटेरी अळ्यांनाही हात लावू देऊ नये. घोणस अळीच्या दंशाच्या बातम्या २०२२ मध्ये आपण सर्वांनीच वाचल्या आहेत.

वैदेही_न्यूजर्सी

आमच्याकडे मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीड या झाडावर वाढवण्याची प्रथा अनेक घरांत आणि शाळांत आहे, म्हणून येथील चर्चेत भर घालते. ही फुलपाखरे शरद ऋतूत मेक्सिकोतील डोंगरांकडे स्थलांतर करतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विकत आणलेल्या वंशातील तसेच घरात वाढवलेल्या मोनार्कना उडण्याची दक्षिण दिशा नीट धरता आली नाही असे दिसले. त्यानंतर २०२१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी रेडिओ यंत्रे बसवून सोडलेल्या फुलपाखरांचा मागोवा घेतला, तेव्हा बहुतेकांनी मोकळ्या हवेत योग्य दिशा पकडली. प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, की एका डब्यात पुष्कळ अळ्या दाटीने वाढवू नयेत. मोनार्कवर एक सूक्ष्म परजीवी रोग पसरतो आणि दाटी झाली की तो एकीकडून दुसरीकडे सहज जातो. माझ्या मुलांसाठी आम्ही अळ्या आणण्याऐवजी अंगणात मिल्कवीड लावले. ज्यांना जागा आहे त्यांनी येथूनच सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. झाड असेल तर मादी आपणहून येते.

सायली_कोथरूड

सर्वांचे आभार. घरात सगळ्यांशी बोलून आम्ही असे ठरवले आहे की एका फांदीवर जाळीची पिशवी बांधून त्यात दोनच अळ्या ठेवायच्या, एक अळी बाहेर मोकळी राहू द्यायची आणि उरलेल्या सोसायटीच्या बागेतील मोठ्या कढीपत्त्यावर नेऊन सोडायच्या. बाहेरच्या अळीला बुलबुलाने नेले तर तेही वहीत लिहायचे, असे मुलांनीच सुचवले. सासूबाईंनी शेंड्याची कोवळी पाने अळ्यांसाठी सोडून खालची पाने फोडणीला घ्यायचे मान्य केले आहे.

आता पुढचा प्रश्न असा आहे की कोष झाल्यावर आणि फुलपाखरू बाहेर येताना आम्ही काय करावे? ते अडकले तर मदत करायची का?

बाई_कुडाळ

कोष फोडायला मुलांना कधीही मदत करू देऊ नका. फुलपाखरू बहुतेकदा सकाळच्या सुमारास बाहेर येते. त्याच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि पंखांची नक्षी आतून दिसू लागते. बाहेर आल्यावर पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते मोकळे खाली लोंबतील अशा जागी धरून बसणे त्याला आवश्यक असते, कारण शरीरातील द्रव शिरांत भरून पंख पसरतात आणि मग कडक होतात. त्या वेळात पंखांना बोट लागले किंवा ते खाली पडले तर पंख कायमचे वाकडे राहतात. शेपटीकडून लालसर थेंब पडतात, ते रक्त नसून कोषातील साठलेला मळ असतो. मुले घाबरतात, म्हणून आधीच सांगून ठेवावे. काही तासांनी ते पंख उघडझाप करू लागले की पिशवी सोडा. पाऊस जोरात असेल तर उघडीप होईपर्यंत थांबा. तेवढ्या वेळात मध किंवा साखरपाणी पाजण्याची गरज नसते.

रानपाखरू_ठाणे

बाईंच्या उत्तरात एकच भर घालतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात या जातींचा कोष साधारण दीड-दोन आठवड्यांत उघडतो, पण हिवाळ्याच्या तोंडावर झालेला कोष कित्येक आठवडे तसाच राहू शकतो. रंग टिकून असेल आणि छिद्र नसेल तर तो मेला असे समजून टाकू नका. हिरवा कोष आणि तपकिरी कोष हे दोन्ही निरोगी असू शकतात, कारण आसपासच्या पृष्ठभागानुसार हा रंग ठरतो.

संत्रा_मोर्शी

मीही एक ठरवले आहे. रोपवाटिकेच्या बांधावर जंबेरीची काही जुनी झाडे आहेत. कलमांवरून वेचलेल्या अळ्यांपैकी काही तेथे सोडायला मुलाला सांगणार आहे. त्या पुन्हा चालत कलमांकडे येतील का, एवढेच कोणी सांगावे.

रानपाखरू_ठाणे

बांध कलमांपासून बऱ्यापैकी दूर असेल आणि झाडांना कोवळी पालवी असेल तर अळी खाण्यासाठी झाड सोडून जात नाही. कोष करतानाच ती भटकते आणि तेव्हा तिचे खाणे संपलेले असते. मात्र तेथे तयार झालेली मादी तुमच्या कलमांवर अंडी घालू शकते, म्हणून नवती फुटण्याच्या दिवसांत वेचणी चालूच ठेवावी लागेल.

संत्रा_मोर्शी

बांध विहिरीच्या पलीकडे आहे, पुरेसा दूर. वेचणी तर रोजचीच आहे. या रविवारी सुरुवात करतो आणि मुलाच्या वहीतील नोंदी येथे देत जाईन.